चित्राखालची ओळ कोणी कापली?

परवा एका शाळेच्या संगणक कक्षात सगळ्या पडद्यांवर एकच वॉलपेपर होता. मधोमध सोनेरी तेज, भोवती निळसर वेढे आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘आपली आकाशगंगा’. असे काही दिसले की या सदराच्या लेखकाचे पाऊल पुढे पडत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. चित्र मोठे करून पाहिले. तबकडीच्या कडेला चिकटल्यासारखा एक गोल पांढुरका ठिपका, आणि दुसऱ्या बाजूला, जरा दूर, एक लांबट अंधुक डाग. एम ३२ आणि एम ११०. म्हणजे ही देवयानी दीर्घिका, आणि ते दोन डाग तिच्या सोबतच्या छोट्या दीर्घिका. आपल्या आकाशगंगेचा तिथे काही संबंध नाही.

आठवीतल्या एका मुलीने आधीच विचारले होते म्हणे, “सर, आपण आतच आहोत ना? मग बाहेरून फोटो कोणी काढला?” त्यावर तिला उत्तर मिळाले, “उपग्रहाने.” आणि तास पुढे सरकला.

आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. सूर्य तिच्या केंद्रापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर. माणसाने पाठवलेले सर्वांत दूरचे यान, व्हॉयेजर १, १९७७ साली निघाले आणि प्रकाश एका दिवसात जेवढे जातो, जेमतेम तेवढ्या अंतरापर्यंत आता पोचते आहे. बाहेरून काढलेला आकाशगंगेचा फोटो त्यामुळे अस्तित्वातच नाही. जे आहे ते रेखाटन. स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांचा आधार घेऊन रॉबर्ट हर्ट यांनी केलेले रेखाटन त्यात सर्वांत प्रसिद्ध, आणि ते रेखाटनच आहे असे नासाने त्याच्यासोबत स्वच्छ लिहिलेले आहे.

राग शाळेवर नाही. शाळेने मिळाले ते लावले. राग आहे तो ही चित्रे उचलून, खालची ओळ कापून पुढे पाठवणाऱ्यांवर. नासाच्या किंवा युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रत्येक चित्राबरोबर नाव येते, अंतर येते, दुर्बीण येते, कोणी टिपले ते येते. चित्र फुकट वापरा, श्रेय तेवढे द्या, इतकीच युरोपीय संस्थेची अट. तीही पाळली जात नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या कापलेल्या ओळीत होते.

आणि कापतात ते फक्त अक्षरेच नाहीत. गरुड तेजोमेघातल्या त्या तीन खांबांचे, ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’चे, छायाचित्र पाहिले नाही असा संगणकवाला विरळा. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने ते टिपले. तेजोमेघ इथून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. मूळ छायाचित्राचा वरचा उजवा कोपरा पाहा: तिथे काळ्या पायऱ्या आहेत, जिन्यासारख्या. तेव्हाच्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते. तिघांची नजर सारखी, चौथ्याची जास्त बारीक. त्याला आकाशाचा तुकडा लहान दिसे, पण तपशील जास्त. चारही चित्रे एका मापात आणली की चौथे आक्रसते आणि त्याच्या भोवती रिकामी जागा उरते. ते यंत्र कसे पाहत होते, हे त्या पायऱ्यांवरून कळते.

वॉलपेपरमध्ये त्या पायऱ्या सापडत नाहीत. पडदा आडवा, छायाचित्र जवळजवळ चौकोनी, म्हणून वरचा भाग छाटला जातो. काही ठिकाणी तर रिकाम्या जागेत खोटे तारे भरलेले असतात. हे वाचताना कोणाला क्षुल्लक वाटेल, पण आकाशात नसलेला तारा चित्रात घालणे ही साधी गोष्ट नाही.

उलट बाजूने एक तक्रार हमखास येते, “ते रंगसुद्धा खोटेच असतात हो.” हे मात्र मान्य करता येणार नाही. हबलचा कॅमेरा रंग पाहत नाही, फक्त कमीजास्त प्रकाश मोजतो. खांबांसाठी तीन गाळण्या वापरल्या: एक गंधकाच्या प्रकाशाची, एक हायड्रोजनच्या, एक ऑक्सिजनच्या. गंधक आणि हायड्रोजन, दोघांचाही तो प्रकाश मुळात तांबडाच. तसाच ठेवला असता तर कुठे काय आहे ते डोळ्याला वेगळे काढता आले नसते. म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला. रंग ठरवून दिलेले आहेत, पण त्यांच्यामागचे मोजमाप खरे आहे, आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय हेही त्याच खालच्या ओळींत लिहिलेले असते.

२०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने हेच खांब अवरक्त प्रकाशात टिपले. तो प्रकाश धुळीत कमी अडतो, त्यामुळे खांब पारदर्शक झाल्यासारखे दिसतात आणि हबलला न दिसलेले कितीतरी तारे वर येतात.

कुठले चित्र कोणत्या दुर्बिणीचे, हे ओळ नसतानाही थोडेफार ओळखता येते. ठळक तारा पाहावा. हबलच्या ताऱ्याला चार किरणटोके असतात, कारण पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या चार पट्ट्या. वेबचा मुख्य आरसा षटकोनी तुकड्यांचा, म्हणून सहा मोठी टोके; आणखी दोन बारीक टोके छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे. एकाच चौकटीत दोन्ही प्रकारचे तारे दिसले तर ते चित्र दोन दुर्बिणींचे मिळून केलेले समजावे. खगोलशास्त्रज्ञही अशी चित्रे जोडतात, पण जोडली आहेत हे खाली लिहून.