घरचा कारभार : रेंज सोप्यात, पोरगी अंगणात



२०२५ सालच्या जूनच्या आरंभीची गोष्ट. त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपत आली होती. पोरगी संध्याकाळी मागल्या खोलीत मोबाईल घेऊन बसली, तर पडद्यावरचे चक्र नुसते गरगर फिरत राहिले. शेवटी कॉलेजांचा पसंतीक्रम तिने अंगणात, सोप्याच्या खिडकीखाली उभे राहून भरला. वरून पाऊस भुरभुरत होता. वहिनींनी तिच्या डोक्यावर पोते धरले होते.

अर्ज गेला, पण मला काही झोप लागली नाही. दर महिन्याला पैसे मोजतो, ते पोरीला पावसात उभे करण्यासाठी काय? सकाळी मी तालुक्याला मोठा राऊटर आणायला निघालो, तर तीच म्हणाली, "नाना, पैसे घालवायच्या आधी पाणी कुठं मुरतंय ते तरी बघू." मग आम्ही दोघांनी मिळून जे केले, ते आज आपणांस सांगतो.

पाणी टेलच्या शेताला पोचले नाही, तर आपण आधी काय पाहतो? कालव्यालाच पाणी नाही, की चारी मध्ये फुटली आहे? इथेही तसेच करावे. मोबाईल घेऊन राऊटरशेजारी उभे राहावे. तिथेही चालत नसेल, तर दोष बाहेरच्या लाइनीचा किंवा डबीचा. तिथे चांगले चालते आणि लांब गेल्यावर अडते, तर दोष घरातल्या वाटेचा.

लाइनीचा दोष असेल तर दिवे पाहावेत. फायबरच्या डबीवर 'एलओएस' या इंग्रजी अक्षरांचा दिवा लाल पेटला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत नीट पोचत नाही. आतली तार काचेची, केसासारखी बारीक असते. ती उंदराने कुरतडली किंवा कोपऱ्यात करकचून वाकली, की काम थांबते. ती आपण जोडू नये आणि तिच्या उघड्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नये. कंपनीच्या माणसाला बोलवावे. दिवे ठीक असतील, तर डबी बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावी. मात्र बारीक भोकातले रीसेटचे बटण टाचणीने दाबू नये. त्याने सारी सेटिंग पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद.

आमची लाइन ठीक होती. दोष निघाला जागेचा. राऊटर सोप्यात, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून ठेवलेला. कपाट आणि पत्रा या लहरींना अडवतात, परतवतात. पाण्याची टाकी त्या शोषून घेते. दगडमातीच्या दोन हात जाड भिंतीतून तर फारच थोडे पलीकडे जाते. आम्ही डबी माजघराच्या दाराजवळ, डोक्याइतक्या उंचीवर फळी ठोकून ठेवली. तिथून दारे एका रेषेत येतात. फायबरचे वेटोळे शिल्लक होते, म्हणून तार नवी लागली नाही. एवढ्यानेच मधल्या खोलीतली तक्रार मिटली.

दुसरी गोष्ट. पुष्कळ डब्यांतून दोन वाटा निघतात, एक २.४ ची आणि एक ५ ची. मोबाईलमध्ये त्या दोन वेगळ्या नावांनी दिसतात. ५ ची वाट म्हणजे शर्यतीचा बैल : जवळच्या मोकळ्या रानात वेगाने पळतो, भिंत आली की दमतो. २.४ म्हणजे नांगराचा बैल : चाल मंद, पण भिंतीपलीकडेही रेटतो. लांबच्या खोलीत २.४ चे नाव निवडावे.

तरीही मागली खोली कोरडीच राहिली, तर रिपीटर घेतात. तो घेतला तर रेंज नसलेल्या खोलीत लावू नये. मोटारीला पाणी मिळाले तरच ती पुढे ढकलणार. राऊटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे बरी रेंज येते, तिथे लावावा. एकाच वाटेने घेणारा आणि देणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्याहून पक्की गोष्ट म्हणजे तार. शुद्ध तांब्याची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आम्ही भिंतीच्या कडेने ती मागल्या खोलीत नेली आणि माळ्यावर पडलेला जुना राऊटर टोकाला जोडला. पुतणीने त्याचा पत्ता बदलला, त्यातले 'डीएचसीपी' बंद केले आणि तार लॅनच्या भोकात घातली. ते बंद केले नाही, तर दोन कारभारी एका घरात हुकूम देऊ लागतात आणि कोणाचेच चालत नाही. गोठ्यापर्यंत न्यायचे असेल तर मात्र तांब्याची तार अंगणावरून टांगू नये. विजांच्या दिवसांत ती डबी जाळू शकते. तिथे फायबर बरे.

भारनियमनासाठी छोटी बॅटरी मिळते. घेताना अडॉप्टरवर छापलेले व्होल्ट जुळवून घ्यावेत. घरात फायबरची डबी आणि राऊटर वेगवेगळे असतील, तर दोन्हींना बॅटरी हवी.

कारभार माझ्याकडे, म्हणून चूकही माझीच. डबी बसवायला माणूस आला, तेव्हा ती टीव्हीपाशी लावा असे मीच सांगितले होते. अभ्यास कोण करते आणि कोणत्या खोलीत, हे मी विचारलेच नाही. पहिली यादी लागली, ती पुतणीने मागल्या खोलीत, कॉटवर बसून पाहिली.

आपल्या घरी येत्या रविवारी मोबाईल घेऊन खोलीखोलीतून फिरावे. बरोबर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला घ्यावे, आणि फळी कुठे ठोकायची ते तिलाच विचारावे.