घोडीचे दात मोजले, पाहिले कोणी?

मंडळी, या वीकेंडला कोडिंग नाही, पुस्तक नाही. या वीकेंडला दात. तेही घोडीचे. हसू नका, विषय गंभीर आहे.

दिवाळीनंतरचा एक शनिवार. शुक्रवारी रात्री रिलीज पार पडली (चक्क वेळेवर!) म्हणून सकाळीच गणेशपुरी गाठली. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या गरम कुंडात पाय सोडून बसायचं आणि दुपारी जेवून घरी, एवढाच बेत. परतताना वज्रेश्वरीच्या रस्त्याला चहाला थांबलो. टपरीशेजारी चिंचेखाली वरातीची पांढरी घोडी बांधलेली. बरगड्या मोजता येतील अशी. पुढ्यात गवत भरपूर होतं, पण ती ते तोंडात घ्यायची, मान वाकडी करून चावायची आणि थोड्या वेळाने ओला गोळा खाली टाकायची. पायाशी असे दहा-बारा गोळे. आणि लिदीत अख्खे हरभरे. जसे खाल्ले तसे बाहेर!

मालकाला विचारलं, "मामा, हिला काय झालंय?"

"काय नाय साहेब, वय झालं. त्यात हट्टी जात. लगाम घालायला गेलं की मान झटकते."

"तोंडात काही लागलंय का, बघितलं का कोणी?"

"मग? दात बघूनच तर घेतली सारंगखेड्याच्या जत्रेतून. सात वर्षांची होती."

"ते कधी?"

"झाली की सहा वर्षं."

इथे माझी गाडी अडकली ती अडकलीच. आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय. फुकटच्या गायीचे दात पाहू नयेत, कबूल. पण ही घोडी तर पैसे मोजून घेतलेली! तिचे दात पाहिले ते एकदाच, आणि तेही भाव ठरवायला. आपला सगळा अश्वप्रेमाचा इतिहास या एका वाक्यात आहे. खरेदीच्या दिवशी ओठ वर करून पुढचे दात बघायचे, वय सांगायचं, सौदा करायचा आणि तोंड मिटायचं. मागच्या दाढा? त्या कोणी बघतच नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. घोड्याचे दात आपल्यासारखे एकदा आले की संपलं असे नसतात. तरुण घोड्याची दाढ जबड्यात तीन-चार इंच खोल असते आणि वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर बाहेर सरकत राहते. गवत चावून ती झिजते, म्हणून हिशोब जुळतो. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि तिथे धारदार टोकं तयार होतात. वरची टोकं गाल कापतात, खालची जीभ. त्यावर लगाम आणि मोहरकी आवळली की गाल त्या धारेवर दाबला जातो. मग घोडी मान झटकते आणि आपण म्हणतो हट्टी!

पुढचं तर अजून वाईट. घोड्याला लाळ सुटते ती चावताना. नीट चावलं नाही की गवत कोरडं आणि लांबच्या लांब पोटात जातं. घशात अडकू शकतं, आतड्यात तुंबून पोटशूळ होऊ शकतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं परत काढायची सोयच नाही. वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाजवळच्या पोकळीत जातात, तिथे पू झाला की एकाच नाकपुडीतून घाण वाहते. म्हणजे रोडपणा, पोटदुखी, वाहणारं नाक अशा तीन तक्रारी आणि मूळ एकच असू शकतं. आमच्या धंद्यात असं असेल तर आधी मूळ शोधतात. घोडीच्या बाबतीत चंदी वाढवतात.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात घोड्याचे दात कोण घासतं? हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारलाय. जंगली घोडा दिवसाचे बहुतेक तास चरत असतो, खरखरीत गवत जबडा आडवा फिरवून दळत असतो. आपण त्याला तोबरा बांधून चंदी देतो. ती कमी वेळात संपते आणि जबडाही तेवढा आडवा फिरत नाही. शिवाय जंगलात त्याच्या तोंडात लोखंड नसतं. आणि जंगलात दात बिघडलेला घोडा मरतो, त्याची नोंद कोणी ठेवत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप पैशाचा. मालक गरीब, दाताचा डॉक्टर कुठून आणणार? अहो, नालबंदाला तो नियमित पैसे देतोच ना? पाय दिसतात म्हणून. अख्खे हरभरे लिदीतून चिमण्यांना खाऊ घालायलाही पैसेच लागतात. वर्षातून एक तपासणी, अडीच ते पाच वर्षांच्या शिंगराला दात बदलत असल्याने सहा महिन्यांनी, हे त्यापुढे महाग नाही. रेसच्या घोड्याच्या मालकाला हे कोणी शिकवावं लागत नाही. वरातीच्या घोडीचं तोंड वेगळ्या मातीचं असतं का?

तिसरे आपले प्राणीमित्र. त्यांचं एकच, बंदी आणा. २०१५ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने बंद करायला लावल्या. ठीक. पण बंदीने भिवंडीतल्या घोडीची एकही दाढ गुळगुळीत होत नाही. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे. पण आतून धारदार झालेल्या दाढेला कोणता नियम पकडणार? तिथे टॉर्च आणि कानसच लागते.

आणि ती कानस पशुवैद्याच्याच हातात हवी, हेही ठणकावून सांगतो. गुंगी द्यावी लागते, आणि जास्त घासलं तर दाताचा जिवंत भाग उघडा पडतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, त्याआधी तालुक्याला एक दंतशिबिर घ्या. सारंगखेड्याला जिथे दात बघून भाव ठरतो, तिथेच दाढा बघणारा एक तंबू लावा.

आणि आपण? माझ्या वरातीत घोडी सारखी मान उडवत होती. मोतद्दाराने तिला दोन फटके दिले. "नवरदेवाला घाबरली" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. आता घोडी ठरवाल तेव्हा फेट्याचा रंग विचारता तसं एवढंही विचारा, हिच्या दाढा कधी तपासल्या?

गणेशपुरीच्या घोडीचं सांगायचं राहिलं. शाळेतला एक मित्र पशुवैद्य आहे, त्याला पुढच्या रविवारी ओढून नेलं. गुंगी देऊन जबडा उघडला, टॉर्च मारला. दोन्ही गाल आतून फाटलेले. तासभर कानस चालली. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. बरगड्या अजून दिसतात, पण लिदीत हरभरे नाहीत आणि पायाशी गोळेही नाहीत.

मामांनी त्या दिवशी स्वतः दाढेच्या धारेवर बोट फिरवून पाहिलं होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा वर्षं हिला हट्टी म्हणून मारली हो."