कृशता हे अभयपत्र नव्हे

सडपातळ माणसास मधुमेहाचे भय नसते, असा समज भारतात रूढ आहे. हा समज किती फसवा आहे, ते २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्राने दाखविले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिनांचा ९.१ टक्के भरला.

त्वचेखाली न मावणारा मेद यकृतात व स्नायूंत साचू लागला, म्हणजे तेथील पेशी इन्शुलिनाची आज्ञा पुरतेपणी पाळीत नाहीत. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवून ही उणीव काही काळ भरून काढते. ते थकले, की रक्तातील साखर वाढते.

वजनकाटा सोयीचा खरा, पण पुरेसा नव्हे. बंगळूर असो वा पुणे, प्रौढांच्या आरोग्यतपासणीत कमरेचा घेरही मोजला जावा. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानतात. श्रम करणारे स्नायू इन्शुलिनाच्या आज्ञेवाचूनही साखर घेतात. यास्तव नित्य चालणे कृशांसही तितकेच अगत्याचे आहे.