गळाचा नंबर

आपल्या मराठीत गळ हा बहुधा वाक्प्रचारातच अडकून पडलेला असतो. गळ घालणे म्हणजे आग्रह करणे, गळाला लागणे म्हणजे फसणे. वीस वर्षे मी हे वर्गात शिकवीत आलो. खरा गळ हाती धरला तो गेल्या वर्षी, भाच्यापायी.

भाचा आठवीत. त्याचे वडील गेले आणि आक्का त्याला घेऊन घाटकोपरला आमच्याकडे राहायला आली. पोरगा जेवी, शाळेत जाई, पण बोलत नसे. त्याचे वडील गावी खाडीवर गरी टाकीत आणि हा शेजारी बसून राही, असे आक्काने एकदा सांगितले. तेव्हा मला पवई आठवली.

हे तळे १८९१ साली मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधले. पाणी काही पिण्याजोगे निघाले नाही. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन इथलीच. गळ टाकायचा तर रीतसर परवानगी काढावी लागते. तळ्यात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसण्याची हौस घरी ठेवून यावे.

मी पुस्तकी माणूस. दुकानात जाऊन भारी रीळ, जाड दोरा आणि सर्वांत मोठे गळ घेतले. दोन रविवार मासे कणीक कुरतडून गेले. भाचा गप्पच.

तिसऱ्या रविवारी शेजारी बसलेल्या एका वृद्ध सभासदांना राहवले नाही. म्हणाले, "मास्तर, हे गळ रोहूचे. रोहूच्या नादी लागलात तर पोर दिवसभर पाणीच बघेल. त्याला आधी चिलापी द्या."

चिलापी म्हणजे तिलापिया. १९५२ साली तो तेव्हाच्या सिलोनहून भारतात आणला. तोंड लहान, पण खादाड. त्याला दहा किंवा बारा नंबरचा गळ पुरतो. या गळांचे नंबर वर्गातल्या नंबरासारखे असतात: आकडा वाढला की गळ लहान. साधा बांबू, बारीक नायलॉन, तरंगायला बोरूचा बोटभर तुकडा, गळाच्या वीतभर वर शिशाचा मिरीएवढा मणी. तो पकडीने दाबावा; दाताने दाबणारे पुष्कळ पाहिले, पण शिसे हे विष आहे. आमिष म्हणून गांडुळाचा पेरभर तुकडा, टोक वळवळते ठेवून. गांडुळाची किळस असेल तर घट्ट कणीक घ्यावी, तीत पिंजलेल्या कापसाचे चार धागे मळावे, म्हणजे गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. गोळी वाटाण्याहून लहान हवी. मी लाडू लावीत होतो!

बोरू नुसता थरथरला तर ओढू नये. तो चालू लागला किंवा बुडाला, की मनगटानेच हलका झटका द्यावा.

हे सारे आजोबांनी भाच्याला सांगितले, मला नव्हे. पाऊण तासात बोरू बुडाला आणि तळहाताएवढी चिलापी काठावर उड्या मारू लागली. त्याने ओल्या हाताने ती धरली, गळ सोडवला आणि तिला पाण्यात सोडून दिले. मग नवे गांडूळ लावता लावता माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"मामा, बाबा गांडूळ नाही लावायचे. कोळंबी लावायचे. सोललेली. आणि भरती लागली की मला उठवायचे..."

तो बोलत राहिला. माझा बोरू केव्हा बुडाला ते मी पाहिले नाही. ओढून बघितले तेव्हा गळ रिकामा होता.