घेणाऱ्याच्या नावे

‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा’ हा आम्हां वाणिज्य शाखेच्या मुलांचा पहिला धडा. अमेरिकेतील बरीचशी स्थानिक आरोग्य खाती तो विसरली होती. विमेदार माणूस तेथे लस टोचून घेई, खर्च सरकारी तिजोरीवर पडे आणि हप्ते घेणारी कंपनी नामानिराळी राही! २००९ पासून केंद्राने राज्यांना बिलवसुलीची व्यवस्था उभारण्यास साहाय्य दिले. २०१० च्या कायद्याने शिफारस झालेल्या लसींचा भार बहुतेक खाजगी विम्यांवर टाकला. तरी करार, संकेतांक, नाकारलेली बिले यांत छोटे कार्यालय गुरफटतेच.

मित्र म्हणतात, सेवेच्या दारात खतावणी कशाला? माझे मत उलट आहे. कंपनीकडून वसूल झालेल्या पैशातून विमा नसलेल्या मजुराला लस मिळू शकते. अट एकच: बिल कंपनीकडे जावे, माणूस दारातून परत जाऊ नये.