भिंत एक, मालक ऐंशी

बर्गंडी म्हणजे हातात ग्लास, समोर शॅतो आणि मागे सूर्यास्त, असा माझा एकदम फिल्मी समज होता. दिजोंहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर ‘क्लो द वूजो’समोर उभी राहिले, तर दिसली एक साधी दगडी भिंत. पलीकडे बुटक्या वेलींच्या सरळसोट रांगा. बस्स!

पण ही भिंत म्हणजे चीज आहे, बॉस. बाराव्या शतकात सितोच्या मठातल्या साधूंनी इथे द्राक्षं लावायला घेतली. कुठे दान, कुठे खरेदी करत जमीन जोडली आणि तिला हे कुंपण घातलं. आत सुमारे 50 हेक्टर! मधोमध नाही, वरच्या कडेला शॅतो, आणि त्यात द्राक्षं पिळायची अवाढव्य लाकडी यंत्रं. ती बघायला तरी जाच.

राज्यक्रांतीत साधूंची मालमत्ता सरकारजमा झाली. तरी जमीन बऱ्यापैकी अखंड होती. 1889 मध्ये विकली गेली आणि तुकडे सुरू झाले. मग वाटण्या, विक्री, पुन्हा वाटण्या. आज ऐंशीच्या आसपास मालक! काहींच्या वाट्याला जेमतेम काही रांगा. भाऊबंदकी काय आपलीच मक्तेदारी आहे?

खरी गोची पुढे आहे. सगळ्यांच्या बाटलीवर नाव तेच, दर्जाही बर्गंडीतला सर्वोच्च, ‘ग्राँ क्र्यू’. द्राक्षही एकच, पिनो नॉआर. पण वर शॅतोजवळ चुनखडीची जमीन, निचरा झक्कास. खाली हायवेकडे चिकणमाती, पाणी साचतं. साधूंना वरचा-खालचा माल मिसळता यायचा. दोन रांगांच्या मालकाला कुठली ही चैन?

हे सगळं मला कळलं जरा उशिरा. म्हणजे बोनच्या दुकानात, साठवलेले युरो मुठीत धरून ‘क्लो द वूजो’ मागितल्यावर. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कुणाची?”

मी गप्प. नाव पाठ होतं, माणूस माहीत नव्हता.

त्यांनी मग नुसती ‘वूजो’ पुढे केली. त्याच गावची, भिंतीबाहेरची, निम्म्याहून कमी किमतीची. “ही करणाऱ्याचं काम मी बघितलंय,” म्हणाल्या. घेतली.

घरी नवऱ्याने लेबल वाचलं आणि पहिला प्रश्न टाकला, “यातलं ‘क्लो’ कुठं गेलं?”