माइक खाली आणा

गेल्या नाताळला मित्राच्या चर्चमध्ये गेलो. त्याची आई व्हीलचेअरवर, दारापुढे सात पायऱ्या. चार तरुणांनी मावशींना खुर्चीसकट उचलून आत नेलं. सगळ्यांनी पोरांचं कौतुक केलं. मावशी मान खाली घालून बसल्या होत्या.

मार्कच्या शुभवर्तमानातही चौघेजण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे उतरवतात. का, तर गर्दीने दार अडलं होतं. चौघांचं कौतुक हवंच, पण दार अडवणाऱ्यांवरचं प्रवचन मी तरी अजून ऐकलेलं नाही.

रॅम्प आज ना उद्या होईल. मला खटकलं ते वेगळंच. मावशी निवृत्त शिक्षिका. पूर्वी उपासनेत शास्त्रपाठ त्याच वाचत. व्यासपीठाला दोन पायऱ्या, म्हणून आता त्यांना कुणी विचारतच नाही. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम यांना प्रेषितांनी (स.) अजान देण्याचं काम सोपवलं होतं, नुसती बसायला जागा दिली नव्हती. (आमच्या मशिदीचा वजूखाना तळघरात आहे, तेव्हा मीही फार बोलू नये.)

पाळकसाहेबांना एवढंच सुचवलं, माइक खाली आणा. म्हणाले, "कमिटीपुढे ठेवतो."

ईस्टरला मी पुन्हा जाणार आहे.